पाच वर्षे आणि एक पेला पाणी : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

आमच्या देवळात दर रविवारी दोन उपासना होतात, एक कानडी आणि एक मराठी. (मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळ म्हणतो, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण दिवाळी अंक दूरवर जातो म्हणून सांगून ठेवतो.) काही वर्षांपूर्वी या उपासनांच्या वेळेवरून वाद निघाला. सकाळी नऊची वेळ सोयीची, साडेअकराची गैरसोयीची. नऊची वेळ पहिल्यापासून कानडी मंडळींकडे होती, ती आता आम्हाला मिळावी अशी मराठी मंडळींची मागणी. कमिटीच्या तीन सभा झाल्या. प्रत्येक सभेच्या आरंभी प्रार्थना, शेवटीही प्रार्थना. कानडी बांधव म्हणाले, “आम्ही पुष्कळ प्रार्थना केली, वेळ बदलू नये असे देवाचे मार्गदर्शन आहे.” मराठी बांधव म्हणाले, “आम्हीही पुष्कळ प्रार्थना केली. वेळ बदलावी असे देवाचे मार्गदर्शन आहे.” मी त्या कमिटीत होतो आणि मराठीच्या बाजूने मार्गदर्शन मिळालेल्यांत माझाही हात वर होता. घरी आल्यावर सर्व हकीकत सांगितली, तेव्हा पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुमचा देव अगदी तुमच्या मनासारखे बोलतो हो!”

हे वाक्य मला फार दिवस पुरले. देवाचे मार्गदर्शन म्हणून आपण जे सांगतो ते बहुतेक वेळा आपल्याला आधीच हवे असते. मग जे नको असते, ज्याने आपल्या सवयीला, अभिमानाला, घरादाराला धक्का बसतो, ते मार्गदर्शन माणूस कसे ओळखतो आणि कसे पत्करतो? त्याच सुमारास शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची नव्याने मांडणी चालू होती. जुन्या बांधणीचे ‘स्मृतिचित्रे’ हाती आले. ते मी विद्यार्थी असताना वाचले होते. खरे म्हणजे अर्धवट सोडले होते. का सोडले होते ते पुढे सांगेन. या वेळी ते अथपासून इतिपर्यंत वाचले, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर देणारे मराठीतले पुस्तक हेच, असे वाटले.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र चार भागांत निघाले. पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ च्या फेब्रुवारीत बाईंचे निधन झाले, त्यामुळे शेवटचा भाग अपुरा राहिला. पुस्तकाची कीर्ती मोठी आहे. बोलल्यासारखी भाषा, निर्मळ विनोद, स्वतःची फजिती सांगण्याचा मोकळेपणा यांविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याचे कारण नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या विनोदाच्या आड एक अत्यंत गंभीर कथा आहे, आणि ती आपण बहुधा चुकीच्या नावाने वाचत आलो आहोत.

कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळक हे कवी, विद्वान आणि अस्वस्थ वृत्तीचे गृहस्थ. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे वाचन झाले, पत्रव्यवहार झाला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी माहेरच्या माणसांत, पदरी लहान मुलगा. नवरा बाटला ही बातमी तेथे येऊन पोचली. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांचा ताटातुटीचा आणि घालमेलीचा काळ गेला. अखेर १९०० साली राहुरीस लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला.

यावरून सर्वसाधारण वाचक काय निष्कर्ष काढतो? ‘पती गेला, मागोमाग पत्नीही गेली.’ हिंदू वाचक म्हणतो, पाहा पतिव्रतेचा धर्म! ख्रिस्ती वाचक म्हणतो, पाहा प्रभूने कुटुंब कसे एकत्र आणले! दोघेही डोळे पुसतात आणि पान उलटतात. पुस्तकाच्या इंग्रजी अवतारांनीही हाच समज पक्का केला. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी केलेल्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागे चालते’. हे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातही आहेत, आणि भाषांतरकर्तीच्या मनात तोच संदर्भ असू शकेल. तेथे मागे धावणे आहे ते ख्रिस्ताच्या. परंतु नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पुढे चालणारा नवराच. २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तकाचे नवे आणि चांगले भाषांतर केले, त्याच्या उपशीर्षकातही बाई आहेत त्या ‘तेजस्वी पत्नी’. मूळ मराठी नावात नवरा कुठेच नाही. ‘स्मृतिचित्रे’ एवढेच आहे, आणि त्या स्मृती बाईंच्या स्वतःच्या आहेत.

आता पुस्तकच उघडून पाहू. नवऱ्याच्या मागे जायचे हाच जर या बाईचा धर्म असता, तर ज्या दिवशी ती नवऱ्याकडे नगरला परतली त्याच दिवशी गोष्ट संपायला हवी होती. तशी ती संपत नाही. बाई परतल्या त्या आपली चूल घेऊन परतल्या. नवरा ख्रिस्ती, आजूबाजूची वस्ती ख्रिस्ती, येणारेजाणारे ख्रिस्ती, आणि त्यांच्या मध्ये या बाईंचे वेगळे सोवळे, वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक. नवऱ्याचा संसार पत्करला, नवऱ्याचा देव पत्करला नाही. सहवासाचा प्रश्न एक आणि श्रद्धेचा प्रश्न दुसरा, हे त्या काळच्या एका न शिकलेल्या ब्राह्मण स्त्रीने जितके स्वच्छ ओळखले, तितके आपल्यातल्या पुष्कळ शिकलेल्यांनी आजही ओळखलेले नाही. मला वाटते, सबंध पुस्तकात त्या दोन चुलींइतके महत्त्वाचे चित्र दुसरे नाही. मागोमाग जाणारी बाई दुसरी चूल मांडत नसते.

ही चूल विझली कशी? दृष्टांताने नाही, स्वप्नाने नाही, नवऱ्याच्या उपदेशानेही नाही. टिळकांच्या वाटचालीत स्वप्ने आहेत, अंतःप्रेरणा आहेत, कवीच्या उड्या आहेत. बाईंच्या वाटचालीत आहे तो साधा विचार. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांत त्याने काही खूण ठेवली असती. पशूंच्या जातींत जसा फरक दिसतो तसा येथेही दिसला असता. तो दिसत नाही; तेव्हा हे माणसाचे काम. एकदा एवढे ठरल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांची हरकत उरली नाही. आणि येथेही लक्षात घ्यावे की, हा निर्णय झाला म्हणून बाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी जात गेली, बाप्तिस्मा नंतर आला. प्रत्येक पायरीवर त्या थांबल्या, पाय टिकतो का पाहिले आणि मग पुढची पायरी चढल्या.

नावडत्या मार्गदर्शनाची म्हणून जी गोष्ट ख्रिस्ती मुलांना सर्वांत आधी सांगतात ती योनाची. पवित्र शास्त्रातले ते चारच अध्यायांचे पुस्तक. देवाने योनाला सांगितले, निनवेस जा आणि त्या नगराला त्याच्या दुष्टाईबद्दल बजाव. योनाने याफो बंदरावर जाऊन नेमके उलट्या दिशेच्या तार्शीशचे जहाज पकडले. पुढे वादळ, समुद्रात फेकला जाणे, माशाच्या पोटातले तीन दिवस हे सर्व रविवारच्या शाळेत आम्ही रंगीत चित्रांवरून शिकलो. मुलांना मासा आवडतो, म्हणून गोष्ट बहुधा माशापाशी थांबते. खरी गोष्ट माशाच्या पुढे आहे. योना अखेर निनवेस जातो, सांगितलेला निरोप सांगतो, शहर पश्चात्ताप करते, देव त्याला क्षमा करतो, आणि योना संतापतो. ज्या लोकांचा नाश व्हावा असे त्याला मनातून वाटत होते ते वाचले, हेच त्याचे दुःख. तो नगराबाहेर जाऊन बसतो. सावलीचे झाड वाढते, कीड लागून वाळते, तो त्या झाडासाठी हळहळतो, आणि देव त्याला एक प्रश्न विचारतो : झाडासाठी तू इतका कळवळतोस, मग एवढ्या मोठ्या नगराचा कळवळा मला येऊ नये का? तेथे पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेलेच नाही.

योना पायांनी निनवेला गेला, मनाने कधीच गेला नाही. आज्ञा पाळली गेली, मार्गदर्शन स्वीकारले गेले नाही. या दोन गोष्टींत किती अंतर असते हे आम्हा मास्तर लोकांना नेमके कळते. कारण वर्गातली निम्मी मुले आमच्या आज्ञा योनासारख्याच पाळतात. लक्ष्मीबाईंचे नेमके उलटे. त्यांनी पाय रोखून धरले. मन पटेपर्यंत एक घोट पाणीसुद्धा पुढे केले नाही आणि मागे घेतले नाही. पण एकदा मन गेले, तेव्हा मागे वळून हळहळत बसायला वाळके झाड त्यांनी ठेवले नव्हते.

गेथशेमाने बागेतली रात्रही येथे आठवते. आपल्यासमोरचा प्याला टळावा अशी प्रार्थना खुद्द येशूने केली, आणि ती एकदा नव्हे, तीनदा केली, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या उपदेशांत त्या प्रार्थनेच्या उत्तरार्धावर, म्हणजे पित्याच्या इच्छेला मान तुकवण्यावर, नेहमी भर असतो. पूर्वार्ध पाळक घाईने उरकतात. परंतु पूर्वार्ध खरा नसेल तर उत्तरार्धाला किंमत काय? ज्याला प्याला कडू लागलाच नाही, त्याने तो पिण्यात मोठेपणा कसला? ‘स्मृतिचित्रे’चे मोल हे की, त्यात पूर्वार्ध लपवलेला नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने झालेली भ्रमिष्टासारखी अवस्था, त्याच्यावरचा राग, मुलाची काळजी, शिवाशिवीची किळस हे सगळे बाईंनी लिहून ठेवले आहे. पुस्तक लिहिताना त्या ख्रिस्ती होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मनात आणते तर ‘मला आतून खूण पटलीच होती’ असे सहज लिहिता आले असते. साक्ष देणारे पुष्कळजण तसेच लिहितात. बाईंनी तसे केले नाही, म्हणून त्यांच्या होकारावर विश्वास बसतो.

आता मी हे पुस्तक विद्यार्थिदशेत का सोडले होते ते सांगतो.

आमचे मूळ नगरकडचे. तो जिल्हा आता अहिल्यानगर. आजोबा रेल्वेच्या नोकरीत बेळगावला आले आणि इथलेच झाले. पणजी राहुरी तालुक्यातली. आम्ही ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेलो नाही; गावकुसाबाहेरून झालेलो आहोत. नगर जिल्ह्यातल्या त्या काळच्या ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य माणसे आमच्यासारखीच होती. एम. ए. ला असताना वर्गात लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याओवळ्याच्या हकीकती वाचल्या जात आणि वर्ग हसे. मीही हसत असे. एके दिवशी वसतिगृहाच्या खोलीत एकटाच वाचत होतो, आणि एकाएकी ध्यानात आले की, ज्या हातचे पाणी घ्यायला या बाईंना जवळजवळ पाच वर्षे लागली, तो हात माझ्या पणजीचा आहे. पणजी त्यांना कधी भेटली असेल असा माझा दावा नाही. १९०० साली ती लहान मुलगी असेल. पण हात तोच. वर्ग ज्याला हसत होता तो विनोद माझ्या घरच्या माणसांच्या अंगाला हात न लावण्याचा होता. मी पुस्तक मिटले. पेपरात त्यावर प्रश्न आला तेव्हा दुसऱ्या पर्यायाचे उत्तर लिहिले.

वडिलांना हे सांगितले होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तिने लपवले नाही ना? मग तिला माफ करायला तुला किती वर्षे लागतील ते बघ.” त्यावेळी मला हे बोलणे अजिबात आवडले नाही. ब्राह्मणाच्या बाईचे कौतुक आमच्याच घरात कशाला, असे वाटले. पाच वर्षे सोडाच, मला तीसहून अधिक लागली.

पुन्हा वाचताना जे मला विशीत दिसले नव्हते ते दिसले. पुस्तकाच्या आरंभीच बाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन करतात. सत्तावनच्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेड लागले आणि सगळ्या घराला त्याचा जाच झाला, असे त्या सांगतात. आपण ते विनोदी व्यक्तिचित्र म्हणून वाचतो. वस्तुतः पुढच्या सगळ्या कथेची ती पायाभरणी आहे. सोवळे हा रोग आहे हे या मुलीने लहानपणीच घरात पाहिले होते. तरीही तोच रोग आपल्या अंगात आहे हे कळायला तिला अर्धे आयुष्य लागले. बापाचे वेड हास्यास्पद आणि आपले मात्र धर्म! प्रत्येक माणसाची हीच गत असते. म्हणून नावडते मार्गदर्शन बहुधा बाहेरून येत नाही. जे आपण दुसऱ्यात पाहून हसलो, ते स्वतःत पाहायला लावते, म्हणून ते नावडते असते.

येथे पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जात सोडणे ही या पुस्तकात वरून खाली येणाऱ्याची कथा आहे. त्याग, धाडस, मोठे मन ही त्या कथेची भाषा. खालच्या पायरीवर जो उभा होता त्याला बाईंनी पाणी घेतले तेव्हा काय वाटले, हे पुस्तकात येत नाही. ज्याचा पेला नाकारला जात होता त्यालाही काही गिळावे लागलेच असेल. त्याच्या वाट्याला आलेले नावडते मार्गदर्शन वेगळे होते : ज्यांनी नाकारले त्यांच्याच शेजारी प्रभुभोजनाला बसायचे, आणि मनात हिशेब ठेवायचा नाही. ती ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहिली नाहीत. दुसरी उणीव अशी की, बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत प्रसंगांची गर्दी वाढते आणि आतल्या शोधाची धार कमी होते. माणसे येतात, जातात, फजिती होते, हसू येते. पण त्या दोन चुलींच्या काळात जो ताण होता तो पुन्हा तितका जाणवत नाही.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो माझ्या मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि पुढे साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व येशूभक्तांचे एक भारतीय बंधुमंडळ व्हावे, ही त्यामागची दृष्टी. दृष्टी मोठी होती. मराठी ख्रिस्ती समाजाला तिचा अभिमान वाटावा अशी होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. पण संन्यास घेणाऱ्याच्या घरात चूल पेटवणारे दुसरेच कोणी असते. १८९५ साली देवाने टिळकांना हाक मारली आणि तिची किंमत टिळकांइतकीच एका विशीतल्या बाईने आणि तिच्या मुलाने मोजली. १९१७ साली हाक पुन्हा आली आणि पगार थांबला तो साऱ्या घराचा. बाई आरोप करत नाहीत. त्या नुसते सांगतात आणि मधूनच हसतात. हसण्यामागे काय आहे ते संसार केलेल्या वाचकाला कळते.

टिळकांची हाक खोटी होती असे मला म्हणायचे नाही. त्यांनीही गोत सोडले, मान सोडला, पुष्कळ सोसले. परंतु त्यांना जे करावेसे वाटत होते तेच त्यांना सांगितले गेले होते. त्यांच्या वृत्तीला भटकणे मानवणारे होते आणि हाकही भटकण्याची आली. लक्ष्मीबाईंना जे सांगितले गेले ते त्यांच्या वृत्तीच्या, संस्कारांच्या आणि इच्छेच्या विरुद्ध होते. शिवाय त्या होकाराची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकली नाही. एवढ्यावरून एखादा नियम करणे धाडसाचे होईल, तरी मी स्वतःपुरता एक ताळा काढला आहे. मार्गदर्शन आपल्या सोयीचे आणि किंमत दुसऱ्याच्या खिशातून, असे जेथे दिसेल तेथे देवाचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे. मार्गदर्शन गैरसोयीचे आणि किंमत आपल्याच खिशातून, असे दिसेल तेथे निदान कान द्यावा.

कोणी म्हणेल, यात देव कोठे आला? बाईंनी विचार केला, त्यांना पटले, त्यांनी बदल केला. हे तर सरळ बुद्धीचे काम. म्हणणाऱ्याचे चुकते असे नाही. ‘स्मृतिचित्रे’ अश्रद्ध वाचकालाही पूर्ण वाचता येते, कारण ‘देव मला म्हणाला’ असे सांगून बाई कोणाचे तोंड बंद करत नाहीत. आमच्या बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ साली येथेच ख्रिस्ती झाले. त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या शोधाची हकीकत लिहिली. ते शोधकाचे पुस्तक आहे. तेथे माणूस सत्याच्या मागे निघालेला आहे. ‘स्मृतिचित्रे’त सत्य माणसाच्या मागे लागलेले आहे आणि माणूस दार लावून आत बसला आहे. श्रद्धावान वाचक त्या दारावरच्या थापेला देव म्हणेल, दुसरा विवेक म्हणेल. दार उघडायला वेळ लागला, आणि ते आतून उघडले, याविषयी दोघांचे दुमत होऊ नये. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहून ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ बाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून पुढे नेले. ते त्यांच्या मागे, १९३८ साली, प्रसिद्ध झाले. नुसती मागोमाग चालणारी बाई इतकी पुढे जात नाही.

आता देवळाच्या वेळेचे काय झाले ते सांगून थांबतो. मला एक गोष्ट पहिल्या सभेपासून ठाऊक होती. कानडी मंडळींतले पुष्कळ म्हातारे खेड्यांतून येतात. सकाळी यायला एक बस आणि उपासना संपल्यावर परतायला एक बस. ती चुकली की दुपारपर्यंत स्टँडवर बसून राहायचे. आम्ही मराठी बहुतेक गावातलेच. आमच्यापैकी निम्म्यांकडे स्कूटर. हे मी तीन सभांत बोललो नव्हतो. चौथ्या सभेत बोललो, आणि माझे पूर्वीचे मार्गदर्शन मागे घेतो असे सांगितले. वेळ बदलली नाही. आमच्या भागात भाषेच्या प्रश्नावर असे बोलणाऱ्याला काय म्हणतात ते वाचकांना माहीत आहे. मलाही तेच म्हटले गेले. ज्यांच्याबरोबर मराठी शाळेच्या वर्गासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्यांतले दोघे आजही माझ्याशी मोजके बोलतात. त्यांचा राग मला समजतो. भाषेसाठी आम्ही इतके गमावले आहे की, एका तासाची वेळसुद्धा सोडवत नाही.

आमची उपासना आजही साडेअकरालाच होते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, उपदेश लांबला की मुले चुळबुळतात, आणि शेवटच्या गीतापर्यंत पोटात कावळे कोकलत असतात. मला हे आवडते असे मी म्हणणार नाही. मात्र ते हातातून गेले ते आमचेच होते, हे आता मला पटले आहे. ‘स्मृतिचित्रे’ या वर्षी नववीच्या मुलांना वाचनाच्या तासाला मी स्वतः वाचून दाखवतो. सोवळ्याच्या हकीकतींना मुले हसतात. मी त्यांना हसू देतो, आणि मग विचारतो, “यातला पेला कोणाच्या हातात होता?”